गारव्याला ठिगळ

मुरुम,
चैत्र शुद्ध नवमी

चिरंजीव गुरुसिद्धप्पा यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या अक्काच्या पतीचा, म्हणजे प्रस्तुत लेखकाचा, हा विनंतीअर्ज समजावा. उमरग्याच्या महामार्गावर तू मोटारींच्या वातानुकूलनावर उपचार करतोस आणि मी मुरुमच्या प्रशालेत संस्कृत विषयावर; उभयतांचे रुग्ण सारखेच चिंताजनक आहेत. तथापि तुझे रुग्ण बरे होतात अशी वदंता आहे, म्हणून हे पत्र.

आमच्या श्वेतवाहिनीचा (लोक तिला 'सरांची जुनी पांढरी गाडी' असे संबोधतात) शीतवायू क्षीण झाला आहे. सिद्धारामच्या गॅरेजात वायू भरून घ्यावा, आठवडाभर हिमालय अवतरावा आणि पुढच्या आठवड्यात त्याच जाळीतून चुलीसमोर बसल्यासारखा उष्ण उच्छ्वास तोंडावर यावा, असा क्रम चालू आहे. कोठेतरी सूक्ष्म छिद्र आहे. सिद्धाराम म्हणतो, ते दिसत नाही. मी म्हणालो, ब्रह्मही दिसत नाही, परंतु म्हणून कोणी शोध सोडलेला नाही. यावर त्याने पाना खाली ठेवला आणि चहा मागवला.

मोबाइलवरील एका चलच्चित्रात मी असे पाहिले की, एक सद्गृहस्थ चिमुकल्या बाटलीतील द्रव नळीत सोडतो आणि गळती स्वयमेव बुजते. छेदन नाही, भेदन नाही. ही संजीवनी तुझ्या दुकानी असल्यास सत्वर पाठवावी.

दूरध्वनी का केला नाही, असे तू विचारशील. दूरध्वनीवर विशेषणे तुटतात. शिवाय तुझी अक्का सदैव शेजारी असते. ती कुशल आहे. हल्ली थोडे कमी बोलते, इतकेच.

तुझा,
महालिंगप्पा


उमरगा,
९ एप्रिल

दाजी, शरणु शरणार्थी.

तुमचं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. बाकड्यावर बसलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, कोर्टाची नोटीस आली का म्हणून.

बाटली माझ्याकडं हाय. देणार न्हाय. का, ते सांगतो. ते औषध गॅसबरोबर पाइपातून फिरत राहतं. छिद्रातून बाहेर आलं की हवेतला ओलावा त्याला लागतो आणि ते तिथंच घट्ट होतं. झालं, छिद्र बंद. पण ओलावा बाहेरचा का आतला, हे त्याला कळत न्हाय. पाइपात जरा दमटपणा राहिला, तर ते आतच दगड होतं. व्हॉल्व्हचं तोंड सुईएवढं बारीक, ते पहिलं बुजतं, मग कंप्रेसर जातो. आणि दुरुस्तीच्या आधी गाडीतला गॅस ओढून घ्यायचं जे मशीन असतं, त्याच्या पोटात हे गेलं तर मशीन पण गेलं. म्हणून ज्या गाडीत बाटली पडली, तिला शहाणं दुकान हात लावत न्हाय. ठिगळ कापडाला लावतात दाजी, गारव्याला न्हाय.

तुमची गळती डॅशबोर्डामागच्या कॉइलची असणार. सगळा डॅशबोर्ड उतरवून कॉइल बदलावी लागंल. गाडी आणून आठवडाभर माझ्याकडं ठेवा. अक्कालाही आणा. दिवाळीपासून तिचा आवाज ऐकला न्हाय. फोन केला की तुम्हीच बोलता.

तुमचा,
गुरु


मुरुम,
चैत्र पौर्णिमा

चिरंजीव गुरुसिद्धप्पा,

तुझ्या नकाराची तर्कशुद्धता वंदनीय आहे. आता माझा युक्तिवाद ऐक. तो तितका शुद्ध नाही.

शांतम्मा कुशल नाही. दिवाळीनंतर तिला मज्जातंतूंचा विकार जडला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले आहे की, शरीर तापले की तिच्या नसांतून निरोप पोहोचत नाहीत. प्रथम पाय जड होतात आणि मग जीभ. शरीर निवले की निरोप पुन्हा वाहू लागतात. तुला कळवायचे नाही, अशी तिची शपथ होती. गुरु दुकान बंद करून धावत येईल आणि हंगाम बुडेल, असे तिचे म्हणणे. ती शपथ मी येथे मोडीत आहे. घरात वातानुकूलन यंत्र बसवले, परंतु भर दुपारी वीज तरी नसते किंवा दाब तरी नसतो, आणि ते यंत्र नुसते गुरगुरते.

फाल्गुनात सोलापूरहून परतताना गाडीत गारवा पसरला होता. अणदूर मागे पडले आणि ती अकस्मात म्हणाली, "बाभळी किती सावकाश मागं चालल्यात." कित्येक दिवसांत तिने उच्चारलेले ते पहिले पूर्ण वाक्य. मी गाडी बाजूला घेतली. पुढे बराच वेळ बाभळी जागीच उभ्या होत्या.

तेव्हापासून सकाळची शाळा आटोपली की मी तिला श्वेतवाहिनीत बसवतो आणि आम्ही बेनीतुरा नदीच्या काठी कडुनिंबाखाली जाऊन थांबतो. कोठे जावयाचे नसते. काचेपलीकडे ऊन पिठासारखे पांढरे सांडत असते, म्हशी पाण्यात अर्ध्या विरघळलेल्या असतात, आणि आत, आपण दोघेच एखाद्या स्वच्छ विहिरीच्या तळाशी बसलो आहोत असे वाटते. मग तिचे शब्द एकेक करून वर येतात. परवा ती म्हणाली, "अव्वा भाकरी थापताना..." आणि क्षणभर थांबली. मी तत्काळ तुमच्या मातोश्री कैलासवासी रुद्रम्मा यांच्या पाककौशल्याचे यथोचित वर्णन केले आणि तेथून ज्वारीच्या प्राचीनत्वाकडे वळलो. ती समाधानाने डोळे मिटून पडून राहिली.

गाडी आठवडाभर तुझ्याकडे ठेवणे म्हणजे आठवडाभर तिची वाचा तुझ्याकडे ठेवणे होय. आणि या विकारात आज असलेली वाचा पुढच्या आठवड्यात असेलच, असे आश्वासन डॉक्टरही देत नाहीत. बाटली पाठव.

महालिंगप्पा


उमरगा,
१५ एप्रिल

दाजी,

पत्र वाचून शटर अर्धं ओढून घेतलं. मला सांगायला पाहिजे होतं. अक्कानं शपथ घातली असंल, पण तुम्ही एवढं बोलता, त्यात हे एक बोलला असता तर काय झालं असतं.

बाटली पाठवतोय. मनाविरुद्ध पाठवतोय, पण माझंच मन म्हणतंय पाठव. छिद्र केसाएवढं असलं तर हा उन्हाळा निघंल. सिद्धारामला सांगा, आधी व्हॅक्यूम पंप भरपूर वेळ चालव, आतला सगळा दमटपणा निघू दे, मगच औषध. गाडी उभी करून बसता, तर काच बोटभर खाली ठेवा.

त्याच पिशवीत अव्वाच्या गावच्या मठातलं तीर्थ हाय. अक्काच्या कपाळाला लावा, गाडीलाही शिंपडा. मी दुकानात कुठलीही गाडी खोलायच्या आधी हेच करतो, अजून एकदाही वाईट झालं न्हाय.

अक्कानं नको म्हटलंय, म्हणून आत्ता येत न्हाय. पण तिला सांगा, गुरुला कळलंय. रागावली तर रागावू दे.

गुरु


मुरुम,
चैत्र वद्य दशमी

चिरंजीव गुरुसिद्धप्पा, जयोऽस्तु!

गारवा स्थिर आहे. मी हे पत्र गाडीतच, सुकाणूचक्रावर वही टेकवून लिहीत आहे, आणि बोटे चक्क गारठली आहेत.

सर्व विधी यथासांग पार पडला. सिद्धारामने पंप लावला आणि तो थकेपर्यंत चालवला. नंतर औषधासाठी त्याने नळी सोडवली. तू 'गाडीला शिंपडा' एवढेच मोघम लिहिले होतेस. परंतु कोणत्याही संस्कारात स्थान निश्चित करावे लागते. चाक की टप, याचा मी विचार करीत असतानाच समोर त्या नळीचे उघडे मुख दिसले आणि संदेह फिटला. बेलाच्या पानाने तेथेच तीर्थ शिंपडले. सिद्धारामने हात जोडले. मग औषध आत गेले, वायू आत गेला, आणि जाळीतून असा काही थंड झोत आला की त्याने चहा न मागता चहा पाजला.

दुपारी शांतम्मा पुष्कळ वेळ बोलली. तू रागावलास हे सांगितले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "गुरु लहानपणी..." हा विषय मला ज्ञात असल्याने मी तुझ्या बालपणाचे सविस्तर विवेचन केले, तू मठाच्या बैलावर बसून आळंदपर्यंत निघाला होतास तो प्रसंगही सांगितला. ती खिडकीकडे पाहत राहिली. नदीवर एक बगळा इतका निश्चल उभा होता की, तोही आमच्याच काचेत बसवला आहे की काय, असे वाटले. दुपार कधी सरली, ते कळले नाही. परतताना ती काहीतरी गुणगुणत होती. शब्द कानडी होते. मी प्रथमच त्यांचा अर्थ विचारला नाही.

तुझा कृतज्ञ,
महालिंगप्पा


उमरगा,
२६ एप्रिल

दाजी, नळीच्या मुखात?

तुम्हाला दोष देत न्हाय. ओलाव्यानं दगड होणारं औषध आणि पाणी, दोन्ही मीच एका पिशवीत घालून पाठवलं. एवढी वर्षं मी तीर्थ बॉनेटवर शिंपडतोय. कुणी आत शिंपडंल, असं कधी डोक्यातच आलं न्हाय. देवाचं नाव घेताना मी मेकॅनिक आहे हे विसरतो, आणि तुम्ही तर मेकॅनिक न्हायच.

दोनचार थेंबांनी काही होणारही न्हाय कदाचित. आता पंप लावून ते निघणार न्हाय, औषध त्यात मिसळलंय. गार येतंय तोवर अक्काला बसवा. गारवा कमी झाला की लगेच एसी बंद करा, नाहीतर कंप्रेसरही जाईल.

आणि तुम्ही बैलाची गोष्ट चुकीची सांगितली. बैलावर मी नव्हतो, अक्का होती.

गुरु


मुरुम,
वैशाख शुद्ध तृतीया, बसव जयंती

गुरुसिद्धप्पा,

काल गारवा थांबला. सिद्धारामने नळ्या हाताळून पाहिल्या. औषध आत कोठेतरी, बहुधा तू म्हणालास त्या सुईएवढ्या मुखाशी, गोठून बसले आहे. बाहेरचे छिद्र मात्र उत्तम बुजले असावे. शिकवले ते न लिहिता भलतेच अचूक लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. औषध प्रथमच पाहिले.

सोलापुरात दोन दुकानी फोन केले. आत रसायन घातले आहे हे मी आधीच सांगितले. ते लपवले असते तर तुझ्यासारख्याच कोणाचे तरी यंत्र निकामी झाले असते. दोघांनीही विनयपूर्वक नकार दिला.

हे सारे सोसले असते. परंतु जेव्हा गारवा गेला, तेव्हा ती बोलत होती. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला होता आणि ती म्हणाली होती, "तुम्हाला एक..." मी म्हणालो, पाणी हवे का? उशी हवी का? काच वर करू का? तिने मान हलवली आणि पुन्हा म्हणाली, "एक..." आणि तोच तोंडावर कढत वारा आला. मी बटणे दाबली. पुठ्ठ्याने वारा घातला. ओला पंचा तिच्या मानेवर ठेवला. त्या 'एक'पुढचे नाम अद्याप यावयाचे आहे. आता ती सकाळीही फारसे बोलत नाही, आणि बाहेर ऊन वाढतेच आहे.

मला काही सुचत नाही. हे वाक्य मी अलंकाराविना लिहीत आहे, याची नोंद घ्यावी.

महालिंगप्पा


उमरगा,
८ मे

दाजी, शरणु शरणार्थी.

पाच दिवसांमागं पहाटे अक्काला घेऊन तुमच्या दारातून निघालो, तेव्हा तुम्ही फाटकाशी उभे होता आणि काहीच बोलला नाहीत. त्याचीच मला सगळ्या वाटेत भीती वाटली. ऊन चढायच्या आत अक्का माझ्या घरी पोचली. मागोमाग क्रेननं तुमची गाडीही आली. तिला मी मशीन लावणार न्हाय. गॅस आणि ती घाण सगळी हातानं, नळी नळी वेगळी करून काढतो. कॉइल, व्हॉल्व्ह, ड्रायर, सगळं नवीन. सामान हैदराबादहून यायचंय, वेळ लागंल.

आता खरी बातमी. तुम्हाला माहीत हाय, गॅस भरलेली गाडी मी लगेच देत न्हाय. सावलीत उभी करून तासभर एसी चालू ठेवतो, जाळीपाशी थर्मामीटर धरतो, मगच चावी देतो. पहिल्या दिवशी एक काळी मोठी गाडी अशीच उभी होती. मालक पलीकडं जेवायला गेले होते. मनात आलं, आतली थंडी अशी रिकामीच का जावी? त्यांना जाऊन विचारलं, अक्काला आत बसवलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "गुरु, ही गाडी कुणाची? अत्तराचा वास येतोय."

तेव्हापासून हाच कारखाना चालू हाय. कधी लाल गाडी, कधी डॉक्टरची, काल तर नवरदेवाची. फुलं सगळी तशीच होती. अक्का एकीतून उतरते, जरा टेकते, दुसरीत बसते. मी थर्मामीटर कमी बघतो आता. अक्का दोन वाक्यं सलग बोलली की गाडी पास. काल एका गाडीत ती नुसती बसून राहिली. पुन्हा तपासलं, तर पंखाच नीट फिरत नव्हता. गिऱ्हाइकं आता विचारतात, अक्कानं बघितली का?

संध्याकाळी दुकान मिटताना ती त्या गाड्यांच्या गोष्टी सांगते. म्हणते, एकीत आळंदचा रस्ता दिसला, एकीत अव्वा मागं बसली होती, एकीत पाऊस पडत होता. पाऊस कुठंच नव्हता दाजी, मी विचारलं न्हाय.

एक निरोप हाय. अक्का म्हणते, तुम्ही आत्ता येऊ नका. का, ते तिला विचारलं न्हाय.

गुरु


मुरुम,
वैशाख पौर्णिमा

गुरुसिद्धप्पा,

शाळेला सुटी लागली आहे. बसेस चालू आहेत. आणि मी येऊ नये, असा निरोप आहे.

मी तुझ्यापासून तिचा आजार लपवला. आता तू माझ्यापासून काही लपवीत आहेस काय? ती बोलते, असे तू लिहितोस. परंतु लिहितोस तूच. अत्तराची गाडी, नवरदेवाची गाडी, अव्वा मागच्या आसनावर: हे सारे इतके रमणीय आहे की, मला ते खरे वाटत नाही. मला धीर यावा म्हणून तू हे रचले असशील, तर तुझ्या प्रतिभेचा गौरव मी नंतर करीन. तूर्त एवढेच सांग, ती बोलते की नाही?

रोज दुपारी मी कडुनिंबाखाली जातो. गाडी उभी असायची त्या जागी तेलाचा एक काळा डाग आहे आणि त्याभोवती लिंबोळ्या पडतात. मी तेथे उभा राहतो. म्हशी मजकडे पाहतात. इतके दिवस आम्ही काचेआड होतो. आता मला दिसले की, तेथे फारसे काही नाहीच. नदी आहे, ऊन आहे. बोलावयाचे मनात येते आणि ऐकावयास कोणी नाही.

महालिंगप्पा


उमरगा,
१५ मे

शरणु.

मी सांगतीय, गुरु लिहून घेतोय. त्यानं स्वतःचं काही घालू नये म्हणून मी बघत बसलीय. गाडी लाल हाय, लातूरच्या कुणाची तरी. बाहेर ट्रक जातात, पण आवाज लांबून आल्यासारखा येतो.

मी बोलते. रोज बोलते. एका गाडीत सुरू केलेलं दुसऱ्या गाडीत पुरं करते.

तुम्हाला येऊ नका म्हटलं, त्याचं वाईट वाटून घेतलं असंल. नदीवर आपण बसायचो, ते मला आवडायचं. पण मी एक शब्द काढला की तुम्ही त्याला शंभर जोडायचा. अव्वा भाकरी थापताना गाणं म्हणायची, ते मला म्हणून दाखवायचं होतं. तुम्ही ज्वारी कुठनं आली ते सांगितलं. बैलावर मी बसले होते, ते मला सांगायचं होतं. तुम्ही गुरुला बसवला. थंडी संपायची आणि माझं वाक्य राहून जायचं. इथं गुरु बाहेर पाना घेऊन काम करतो, मी आत एकटी बोलते, कुणी मधी बोलत न्हाय. म्हणून मला थोडे दिवस पाहिजे होते. जीभ चालवून बघायला.

त्या दिवशी तुमच्या हातावर हात ठेवला होता, ते आता पुरं करते. तुम्हाला एक सांगायचं होतं, की मी घाबरले न्हाय. माझी जीभ उद्या गेली तरी मी घाबरणार न्हाय. तुम्ही घाबरलाय. मी गप झाले की तुम्हाला भ्या वाटतं, म्हणून तुम्ही बोलत राहता. लग्न झाल्यापासून एवढं संस्कृत ऐकलं, त्यातला कुठला शब्द भ्यायचा आणि कुठला गमतीचा, हे मला कळतं.

आपल्या गाडीचं सामान आलं न्हाय अजून. तवर इथं रोज कुणाची ना कुणाची गाडी असतीच. या तुम्ही. मागं बसा. मी बोलीन.

शांतम्मा


मुरुम,
१७ मे

सौ. शांतम्मा,

उद्या सकाळच्या बसने येतो. मागे बसेन.

महालिंगप्पा